खिशात फार पैसे नसताना उडायला शिकायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, घर कराडजवळ. बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं. एअरलाइनमध्येच जायचं असं काही ठरवलेलं नाही, पण विमान स्वतःच्या हाताने उडवायचंय. मॅडम, जिथे फोन करावा तिथे पन्नास लाखांचा आकडा ऐकायला मिळतो. शिकवण्या घेऊन माझे महिन्याला चार-पाच हजार शिल्लक पडतात. चष्मा आहे. घरी अजून बोललेले नाही. सुरुवात कुठून करू?"

पन्नास लाख हा आकडा कमर्शियल पायलट लायसन्सचा, म्हणजे सीपीएलचा. त्यात २०० तासांचं उड्डाण, परीक्षांचं कोचिंग, राहणं-खाणं, शेवटी दोन इंजिनांच्या विमानाचं प्रशिक्षण, सगळं धरलेलं असतं. फ्लाइंग स्कूलमध्ये फोन उचलणाऱ्या माणसाला रोज याच एका कारणासाठी फोन येतात. नुसतं उडायला शिकायचंय म्हणणारी मुलगी त्याच्या वहीत बसत नाही, म्हणून तो तुलाही तोच आकडा सांगून मोकळा होतो. उडायला शिकणं आणि त्यावर पोट भरणं हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिल्या हिशेबाची सुरुवात तुझ्या चार-पाच हजारांत होऊ शकते, फक्त क्रम नीट लावावा लागतो.

क्रमात पहिली मेडिकल. भारतात स्टुडंट पायलट लायसन्स किंवा प्रायव्हेट पायलट लायसन्स काढायचं तर डीजीसीए, म्हणजे नागरी उड्डाणावर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या क्लास टू वैद्यकीय तपासणीत पास व्हावं लागतं. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची शहरवार यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. डोळे, कान, रक्त, लघवी, ईसीजी असं सगळं होतं आणि काही हजारांत काम भागतं. चष्म्याची काळजी करू नकोस. चष्म्याने नजर पुरेशी सुधारत असेल तर नागरी उड्डाणात त्याची अडचण नाही. खरी मेख रंगांची. रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा ओळखायचा असतो, त्याला इशिहारा चाचणी म्हणतात. मुलींमध्ये रंगांधळेपणा दुर्मिळ असतो, मुलांमध्ये तितका नाही. घरदार एक करून पहिला हप्ता भरला आणि मग या ठिपक्यांपाशी अडकला, असे विद्यार्थी मी पाहिलेत. त्यामुळे कोणत्याही स्कूलला एक रुपया देण्याआधी डॉक्टर. सीपीएलला क्लास वन लागतं, ते पुढचं पुढे.

दुसरी गोष्ट याच आठवड्यात करायची, कारण तिला मुदत आहे. तुझ्या कॉलेजात एनसीसीची एअर विंग आहे का, ते बघ. पुण्यात एनसीसीची एअर स्क्वाड्रन आहे, पण प्रत्येक कॉलेजला तिच्या जागा नसतात. जागा मोजक्या, आणि भरती बहुतेक पहिल्या वर्षातच होते, कारण 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्रांपर्यंत पोचायला सीनियर विंगमध्ये पदवीची तिन्ही वर्षं जातात. तू पहिल्या वर्षाला आहेस, हे नशीब समज. एअर विंगच्या कॅडेटना मायक्रोलाइट विमानातून उडवतात. आधी झेन एअर सीएच ७०१ होती, नंतर व्हायरस एसडब्ल्यू ८० आली. दोन्हींत सीट शेजारी-शेजारी असतात आणि बाजूला हवाई दलाचा पायलट बसलेला असतो. त्यासाठी तुझ्याकडून पैसे घेत नाहीत.

मात्र एनसीसीत गेलं की पायलट होतो, हा समज काढून टाक. कॅडेटच्या वाट्याला येणारी उड्डाणं थोडी असतात. बाकीचा वेळ परेड, कॅम्प, एरोमॉडेलिंग आणि गणवेशाला इस्त्री. ज्याला शिस्तीचा तिटकारा आहे त्याने त्या थोड्या मिनिटांसाठी तीन वर्षं काढू नयेत. पण कंट्रोल कॉलम हातात आल्यावर पोटात भीतीचा गोळा येतो की हसू फुटतं, हे फुकटात कळायची याहून चांगली जागा देशात नाही. 'सी' प्रमाणपत्र मिळालं तर हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचसाठी वेगळी एंट्री आहे, त्यात लेखी परीक्षेऐवजी थेट एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत. मात्र तिथले डोळ्यांचे निकष नागरी नियमांपेक्षा फार कडक आहेत आणि तुझा चष्मा तिथे बहुधा आडवा येईल. त्या आशेवर एनसीसीत जाऊ नकोस.

आता पैसे देऊन शिकायचं तर माझं मत स्पष्ट आहे: कामशेत. पुण्याहून लोकलने तासाभरात पोचतेस. ऑक्टोबर ते मे हा तिथला पॅराग्लायडिंगचा मोसम. पवनेच्या आसपासच्या टेकड्यांवर हिवाळ्यात पूर्वेचा वारा मिळतो, उन्हाळ्याकडे पश्चिमेचा, त्याप्रमाणे टेकडी बदलतात. पी-वन आणि पी-टू असे शिकण्याचे दोन टप्पे आहेत, प्रत्येकाला साधारण तीन-चार दिवस, आणि दोन्ही मिळून आजच्या घडीला तीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान खर्च येतो. तुझ्या शिलकीच्या हिशेबाने एका वर्षाची बचत. टँडेम राइडला मात्र पैसे घालवू नकोस. कुणाच्या तरी पुढ्यात बसून दहा मिनिटं फोटो काढले तर वारा कळत नाही.

पॅराग्लायडिंगला काही इन्स्ट्रक्टर नाकं मुरडतात, 'ते काही खरं फ्लाइंग नाही' म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. पॅराग्लायडिंग करून माझ्याकडे सेस्नावर, म्हणजे इंजिनाच्या छोट्या विमानावर, शिकायला आलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी ओळखू येतो, कारण विमानात बसण्याआधी तो विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघतो आणि मग झाडांच्या शेंड्यांकडे. हे त्याला कुणी वर्गात शिकवलेलं नसतं. पी-वनचे पहिले दोन दिवस तू उडणारच नाहीस. सपाट माळावर विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, पसरायची, वाऱ्याकडे पाठ, तोंड विंगकडे, दोन्ही हातांत रायझर, म्हणजे विंगच्या दोऱ्या जोडलेले पट्टे, आणि नुसतं ओढून ती डोक्यावर आणायची. ती येते, डावीकडे कलते आणि तुला फरफटत नेते. परत पसरायची. दुपारपर्यंत खांदे भरून येतात. मग कधीतरी लक्षात येतं, की विंग कलल्यावर ब्रेक ओढायच्या आधी आपण तिच्याखाली जाऊन उभं राहायचं असतं. तेवढं जमलं की टेकडीवरून पळायची वेळ येते. हवा पंखावरून कशी वाहते, स्टॉल म्हणजे काय, वारा एकदम पडला तर काय होतं, ही उत्तरं पुस्तकातून कळण्याआधी मनगटांना कळलेली असतात.

दोन सावधगिऱ्या. पी-टू झाल्याझाल्या कुणीतरी सेकंडहँड विंग स्वस्तात गळ्यात मारायला येईल. कापडाची पोरोसिटी, म्हणजे त्यातून हवा किती झिरपते ते, आणि दोऱ्यांची ताकद तपासलेला अलीकडचा रिपोर्ट नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नकोस. विंग उन्हाने मरते आणि ते वरून दिसत नाही. दुसरी सावधगिरी शाळा निवडण्याची. रेडिओ देतात का, रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उलगडून पुन्हा भरलं, वारा वाढला की वर्ग थांबवतात का, हे विचार. शेवटच्या प्रश्नासाठी एखाद्या दुपारी नुसतं जाऊन टेकडीखाली बसलीस तर उत्तर आपोआप मिळतं.

पुण्यात असल्याचा आणखी एक फायदा म्हणजे हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. पावसाळ्यात, दुरुस्तीच्या काळात तिथली उड्डाणं बंद असतात, त्यामुळे नवीन विद्यार्थी घेतायत का ते एकदा गेटवर जाऊन विचार. ग्लायडर म्हणजे पंख असलेलं, कॉकपिट असलेलं, तीन अक्षांवर चालणारं खरंखुरं विमान, फक्त इंजिन नाही. इंजिन नाही म्हणून तासाचा खर्च विमानाच्या तुलनेत अगदीच थोडा. जमिनीवर दूर एक विंच, म्हणजे केबल गुंडाळणारं यंत्र, असते, तिची लांबलचक केबल ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवतात. एकजण पंखाचं टोक हातात धरून उभा राहतो. केबल ताणली गेली की तो दोन-चार पावलं पळतो, पंख सोडतो, आणि पुढच्या काही सेकंदांत नाक आकाशाकडे इतकं उभं होतं की समोर जमीन दिसतच नाही. वर पोचल्यावर पिवळी मूठ ओढायची, केबल सुटल्याचा खाड्कन आवाज येतो. थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचा वर जाणारा झोत, मिळाला नाही तर पाच मिनिटांत खाली.

त्या पाच मिनिटांत जे शिकता येतं त्याला तोड नाही. ग्लायडरच्या काचेवर बाहेरच्या बाजूने लोकरीचा एक तुकडा चिकटवलेला असतो. पाय आणि हात जुळले असतील तर तो सरळ मागे उडतो. वळताना रडर (पायाने हलवायचं शेपटीवरचं सुकाणू) कमी पडला की तुकडा तिरका होतो. लाखो रुपयांच्या उपकरणांत इतकं प्रामाणिक उपकरण मी पाहिलेलं नाही. शिवाय प्रत्येक उड्डाणाचं लँडिंग एकाच प्रयत्नात करायचं, इंजिन लावून पुन्हा फिरून यायची सोय नाही. त्यामुळे उंची, अंतर आणि वारा यांचा हिशेब डोक्यात सतत चालू राहतो. ग्लायडिंगचं दुसरं मोल वेळेच्या रूपात भरायचं असतं. एका उड्डाणासाठी सकाळभर थांबायचं, दुसऱ्यांची ग्लायडर ढकलायची, पंख धरायचे. त्यात कमीपणा मानणारे टिकत नाहीत.

मग इंजिनाचं विमान. इथे तुला पैशाचं गणित समजलं पाहिजे, कारण याच ठिकाणी विद्यार्थी गंडतात. प्रायव्हेट पायलट लायसन्सला डीजीसीएच्या नियमाने किमान ४० तास लागतात. त्यातले किमान २० एकटीने, आणि त्यात ५ तास एकटीने क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण. वय १७, शिक्षण दहावी. त्याआधी स्टुडंट पायलट लायसन्स, ते वयाच्या १६ पासून मिळतं आणि त्याची तोंडी परीक्षा क्लबमध्येच होते. सेस्ना १५२ किंवा १७२ चा तास आज साधारण बारा ते अठरा हजारांना पडतो. म्हणजे पाच ते सात लाख, आणि ४० तासांत आटोपणारे थोडेच असतात. तास इतका महाग का, तर सेस्ना १५२ चं उत्पादन १९८५ मध्येच बंद झालं, सुटे भाग डॉलरमध्ये येतात, आणि हे छोटं विमान तासाला वीस-पंचवीस लिटर एव्हगॅस पितं. हे इंधन २०२२ पर्यंत आपण पूर्णपणे आयात करत होतो. त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली.

आता मुद्द्याची गोष्ट. महिन्याला पाच हजार साठवून तीन महिन्यांनी एक तास उडायचं, असं तुझ्या मनात येईल. करू नकोस. तीन महिन्यांत हात पूर्ण विसरतात. एक तास घेतलास की त्यातला पाऊण तास मागचं आठवण्यात जातो, आणि अशाने ४० चे ७० तास कधी होतात ते कळत नाही. महिन्यातून एकदा रियाज करून गळा तयार होत नाही, तसंच हे आहे. मी शिकवलेल्यांमध्ये सगळ्यांत कमी पैशांत लायसन्स काढणारे कोण, तर ज्यांनी आधी एक पैसा न उडवता रक्कम जमवली, परीक्षा आधी देऊन टाकल्या आणि मग हिवाळ्यात दोन-तीन महिने एअरफील्डजवळ खोली घेऊन आठवड्याला चार-पाच दिवस उडाले. तासाचा दर कुठे पाचशेने कमी आहे, यापेक्षा सलग उडायला मिळतं का, हे जास्त महत्त्वाचं.

म्हणून स्कूलमध्ये गेल्यावर दराच्या आधी विचार: आज उडण्याच्या स्थितीतली विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती आणि विद्यार्थी किती? हँगरमध्ये उभी असलेली विमानं मोजू नकोस, त्यातलं एखादं वर्षभर सुट्या भागाची वाट बघत असतं. दुसरं, तास कधीपासून मोजतात? भारतात फ्लाइट टाइम चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत धरतात. गजबजलेल्या विमानतळावर प्रवासी विमानांसाठी धावपट्टीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून थांबावं लागलं तर ती मिनिटंही तुझ्याच खात्यात. बारामती, धुळे यांसारख्या शांत धावपट्ट्यांवर सुरुवातीचे लँडिंगचे तास चांगले वसूल होतात. नागपूरसारख्या ठिकाणी कंट्रोल टॉवरशी बोलायची सवय लवकर होते, पण ती नंतरही करून घेता येते. तिसरं, पैसे कधीही एकरकमी भरायचे नाहीत. पाच किंवा दहा तासांचे भर, उडून झाले की पुढचे. 'पूर्ण रक्कम आगाऊ भरलीत तर सूट' हे वाक्य ऐकलं की चहा पिऊन उठायचं. स्कूलचं काम अडलं तर आगाऊ भरलेले पैसे मिळवायला किती खेटे घालावे लागतात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडे बघून सांगते.

तोवर अभ्यास मात्र जवळजवळ फुकट आहे. हवामान, नेव्हिगेशन, नियम, इंजिन हे विषय तुला फिजिक्समुळे जड जाणार नाहीत. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पायलटसाठीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, चित्रांसकट. फक्त एअर रेग्युलेशन्स आपल्या देशाचे वाच. कोचिंग क्लासची फी भरायची घाई करू नकोस. पुढे सीपीएलच्या वाटेने जावंसं वाटलं तर डीजीसीएच्या लेखी परीक्षांची फी कोचिंगच्या मानाने किरकोळ आहे, आणि ७० टक्क्यांना पास.

आणि हवामान पुस्तकाबाहेर शिक. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी दहा-अकराच्या सुमाराला वेताळ टेकडीवर जाऊन बस. घारी पंख न हलवता घिरट्या घालायला कधी सुरुवात करतात ते बघ. तिथे थर्मल आहे. त्यांच्यावर अर्ध्या-पाऊण तासाने कापसासारखा ढग धरतो का, ते बघ. मग पुण्याचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, उघडून तापमान आणि दवबिंदू यांतला फरक वाच आणि ढगाचा तळ किती उंचीवर असेल त्याचा अंदाज बांध.

सिम्युलेटर चालेल का, हे तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील. फ्लाइटगिअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. नेव्हिगेशन, चेकलिस्ट, उपकरणं वाचणं, सगळ्याला उत्तम. लँडिंग शिकायला निरुपयोगी, आणि त्याने एक वाईट खोड लागते: नजर पॅनेलवर खिळते. सिम्युलेटरवर वाढलेला विद्यार्थी आला की मी त्याच्याच नकाशाने पॅनेल झाकून टाकते आणि क्षितिज बघून उडव म्हणते. पहिली दहा मिनिटं तो घामाघूम होतो.

शिष्यवृत्तीचं बघ. तू ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी प्रवर्गात येत असशील तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवलेली आहे. जागा मोजक्या आणि चाळणी परीक्षा असते. अशा योजना जाहिरातीवर चालतात, म्हणून त्यांचं संकेतस्थळ अधूनमधून उघडत राहा आणि जातीचं, नॉन-क्रिमीलेयरचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेव. जाहिरात निघाल्यावर तहसील कचेरीत धावणारे मागे राहतात.

पदवीनंतर एम.एस्सी.साठी जर्मनीला जायचा विचार असेल तर एक वाट लक्षात ठेव. तिथल्या तांत्रिक विद्यापीठांमध्ये अकाफ्लीग म्हणून विद्यार्थ्यांचे क्लब आहेत. आखेनचा १९२० पासून आहे, म्युनिकचा १९२४ पासून. विद्यार्थी स्वतः ग्लायडर डिझाइन करतात, बांधतात आणि उडवतात. वर्कशॉपमध्ये ठरावीक तास काम करायचं, फायबरग्लास घासायचं, आणि त्या बदल्यात फार कमी पैशांत उडायचं. बाकीचे ग्लायडिंग क्लबही बिनपगारी इन्स्ट्रक्टरांवर चालतात. इंग्लंडमध्येही विद्यापीठांचे ग्लायडिंग क्लब आहेत. आपली मुलं तिथे शिकायला जातात आणि असं काही असतं हे त्यांना परत यायच्या वेळी कळतं.

राहिला घरचा प्रश्न. तू अठराची आहेस, पण एनसीसीच्या अर्जावर पालकांची सही लागतेच, तेव्हा त्या निमित्ताने विषय काढ. सुरुवात पन्नास लाखांपासून करू नकोस. मेडिकलचा रिपोर्ट हातात असू दे, पी-वनची फी तुझ्या शिकवण्यांतून जमलेली असू दे, मग बोल. वडील विम्याचं विचारतील, आणि बरोबर विचारतील. बहुतेक अपघात पॉलिसींमध्ये तिकीट काढून केलेला प्रवास सोडला तर बाकी उड्डाण वगळलेलं असतं, साहसी खेळही वगळलेले असतात. घरी जी पॉलिसी असेल तिचं ते बारीक अक्षरातलं पान आधी वाच, आणि पॅराग्लायडिंग शाळेचा विमा विद्यार्थ्यासाठी आहे की फक्त टँडेमच्या गिऱ्हाइकांसाठी, ते लेखी माग.